नसीरभाऊंचा लाल त्रिकोण

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका सभागृहात मला बोलता बोलता खाली बसवलं. कार्यक्रम व्यापाऱ्यांचा होता, चहा-नाश्ता आमच्याच वर्गणीतून होता आणि पाहुणे म्हणून एक मोठे डॉक्टर आले होते. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी सांगितलं की कोरोनाच्या काळात आरोग्याची उत्तम माहिती इंटरनेटवर उपलब्ध होती, पण ग्रामीण भागातल्या लोकांनी ती वाचलीच नाही. वाचल्या त्या अफवा. अज्ञान हाच खरा विषाणू, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ती माहिती तुमी छापायच्या आधी कोणाले वाचून दाखवली होती काय?"

सूत्रसंचालक म्हणाला, "आजी, प्रश्न थोडक्यात विचारा."

मी कोणाची आजी नाही, आणि प्रश्न थोडक्यातच होता. तेवढं सांगेपर्यंत माइक माझ्या हातून गेला होता. डॉक्टर हसले, वेळेअभावी पुढे जाऊ या म्हणाले आणि गेले पुढे. मी समोसा तसाच टाकून बाहेर आले. त्या दिवशी जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. मी सातवी शिकलेली बाई आहे, अमरावतीच्या बसस्टँडवर टोपली घेऊन संत्री विकण्यापासून सुरुवात केली आणि आज बगीचेच्या बगीचे उभे, म्हणजे झाडावरचा सगळा माल, विकत घेते. बोलताना कोणी मधे तोडलं तर मला चालत नाही.

आमच्याकडे लोकांनी वाचलं नाही, हे खोटं आहे. आमच्याकडे लोक एका भिंतीसमोर उभे राहून वाचत होते. ती भिंत शेंदूरजनाघाटला नसीरभाऊंच्या कृषी केंद्राची, म्हणजे बियाणं-कीटकनाशकांच्या दुकानाची, होती.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही वाट बघत बसणार नाही. नसीरभाऊ कोरोनानं गेले नाहीत. ते पुढे काही वर्षांनी, हृदय थकलं म्हणून, अकोल्याला आपल्या मुलीच्या घरी वारले. कोरोना त्यांना झाला होता की नाही हेही मला माहीत नाही. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "तपासणीचा कागद आला होता बाई, पण अक्षर लय बारीक होतं."

बारीक अक्षराचा त्यांना मनापासून राग होता. कीटकनाशकाच्या डब्यात घडी घालून ठेवलेलं माहितीपत्रक तुम्ही पाहिलं असेल. उलगडलं तर रुमालाएवढं होतं, आणि त्यावर अनेक भाषांमध्ये मुंग्यांएवढी अक्षरं असतात. शेतकरी ते दुकानाच्या पायरीवरच फेकून देतो. नसीरभाऊ ते उचलायचे, दोरीनं गळ्यात लटकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवायचे आणि गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. एवढ्यावर सुटका नव्हती. "आता तू मले सांग," असं म्हणून ते बाटली आपल्याच हातात धरून ठेवायचे. माणसानं कोणतं औषध, कशावर, फवारणीच्या पंपाला किती आणि वारा कोणत्या बाजूनं असताना मारायचं नाही हे आपल्या तोंडानं सांगितलं की मगच बाटली मिळायची. घाईतला गडी वैतागायचा. "नसीरभाऊ, शाळा उघडली काय तुमी?"

"शाळा नाही. शाळेत पास करून देतात."

माणूस तसा मिजासखोर होता. केसांना मेंदी, अंगात पांढराशुभ्र शर्ट आणि प्रत्येक तिसऱ्या वाक्यात "बी.एस्सी. अ‍ॅग्री आहो मी." अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात शिकले होते आणि अकोल्याचा अभिमान असा, की उन्हाळ्यात आम्ही उकाड्याबद्दल बोलायला लागलो की ते आम्हाला गप्प करायचे. "हे काय ऊन आहे? ऊन पाहायचं तर अकोल्याले जा." सासुरवाडी वरूडकडची म्हणून इकडे दुकान टाकलं होतं. गल्ल्याच्या वर पाटी होती: एक भाव. आणि ती पाटी खरी होती. मी आयुष्यभर भाव पाडून जगले आहे. बगीचावाल्याच्या अंगणात बसून त्याच्या बायकोचा चहा पीत मी त्याच्या संत्र्यांना अशी नावं ठेवते की शेवटी तोच म्हणतो, घ्या बाई, पण उठा. नसीरभाऊंकडे मात्र माझी कोणतीच युक्ती कधी चालली नाही. मी तासभर वाद घालायचे आणि शेवटी पाटीवरचाच भाव द्यायचे. त्याचा राग मला आजही आहे.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की बारीक अक्षराचा एवढा राग कशामुळे, घरात कोणाला काही झालं होतं का. ते म्हणाले, "नाही बाई. बारीक अक्षराचा राग यायले कोणी मरावंच लागते काय?"

आता त्रिकोणाबद्दल. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे त्रिकोणात, रंग असतो. लाल म्हणजे जहाल विष, पिवळा म्हणजे त्याच्या खालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. आमच्याकडे लिहिता-वाचता न येणाऱ्या मजुराला हे रंग कळतात, कारण त्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. नसीरभाऊंचं आवडतं वाक्य होतं, "हिरवा म्हणजे अमृत नाही. हिरवा बी विषच आहे, फक्त गरीब आहे."

कोरोनाचं ते साल आलं तेव्हा माझा मृगबहाराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर निघणारा, माल झाडावर होता आणि गाड्या बंद झाल्या होत्या. रस्त्यावर पोलीस, बाजार बंद. शेतीच्या दुकानांना तेवढी ठरावीक वेळ उघडायची परवानगी होती, म्हणून सगळं गाव नसीरभाऊंच्या पायरीवर यायचं. येताना हातात मोबाइल. बियाणं नंतर, आधी मोबाइल पुढे. "नसीरभाऊ, हे पाहा बरं, खरं आहे काय?"

उन्हात उभं राहिलं की विषाणू मरतो. कांदा कापून उशाशी ठेवा. देशी दारूनं घसा साफ होतो. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही. आणि या गर्दीतच कुठेतरी सरकारी साइटवरचा कागद, लांबच लांब.

नसीरभाऊंनी दोन-तीन दिवस उत्तरं दिली. मग दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर काळा रंग मारला, रंगीत खडूंचा डबा आणला आणि जो मेसेज येईल तो एका ओळीत लिहून त्याच्यापुढे त्रिकोण काढायला सुरुवात केली.

कांद्याला हिरवा मिळाला. पुढे लिहिलं होतं: नुकसान फक्त कांद्याचं. उन्हाला निळा: असं असतं तर मे महिन्यात अकोल्यात कोणी आजारीच पडलं नसतं. दारूला लाल. दवाखान्याच्या मेसेजला लाल, आणि तो त्रिकोण इतरांपेक्षा मोठा.

लोक हसायचे, पण वाचायचे. ज्याला वाचता येत नव्हतं तो रंग बघायचा आणि शेजारच्याला विचारायचा, "लालवालं काय आहे?"

सरकारी कागदाचं काम मात्र सोपं नव्हतं, आणि तिथे नसीरभाऊंनी मला धरलं. एक दिवस मी पायरीवर उभी असताना त्यांनी मोबाइलवरून वाचायला सुरुवात केली. "सदर लक्षणे आढळून आल्यास बाधित व्यक्तीने विलगीकरणात राहून नजीकच्या आरोग्य संस्थेशी त्वरित संपर्क साधावा." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"मले काहून पाहून राहिले?" मी म्हटलं.

"तुमी तापल्या की नाही ते पाहून राहिलो."

"तापन नाही तर काय? ज्यानं हे लिहिलं त्याले कोणाशी बोलायचंच नव्हतं."

"बस. हेच पायजे होतं मले. बाई तापल्या म्हणजे वाक्य खराब."

त्या दिवसापासून मी त्यांचं वाक्य मोजायचं माप झाले. वाक्य तयार झालं की माझी वाट बघायचे. कोणासमोरही सांगायचे, "थांबा, अजून बाईईनं आयकलं नाही." मला ते अपमानासारखं वाटायचं. पण मी रोज जायचे, कारण बगीचे बंद होते आणि भांडायला दुसरी जागा नव्हती.

त्यांनी लिहिलं, "ताप, खोकला आला तर वेगळ्या खोलीत झोपा. दम लागला तर वाट पाहू नका, दवाखाना."

मी म्हटलं, "वेगळी खोली कोणापाशी आहे? माह्या तोडणीवाल्या बाया एका खोलीत सहा जणी झोपतात."

त्यांनी पुसलं आणि लिहिलं, "वेगळी खोली नसन तर वेगळी खाट. दाराशी. ताट, लोटा वेगळा. दम लागला तर दवाखाना, वाट नका पाहू."

"आता?"

"आता नाही तापले."

ते चुकले नाहीत असं नाही. सुरुवातीला साइटवर होतं की ज्याला काही त्रास नाही त्यानं तोंड बांधायची गरज नाही. नसीरभाऊंनी ते लिहून हिरवा त्रिकोण दिला होता. थोड्याच दिवसांत तीच साइट उलट सांगू लागली. लोकांना मजा आली. दिनकर नावाचा एक शेतकरी होता, संत्र्याचा बगीचा बाळगून असलेला, जिभेचा तिखट. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काय नसीरभाऊ, तुमचा बी त्रिकोण फिरला? बी.एस्सी. कुठं गेली?"

नसीरभाऊंनी जुनी ओळ पुसली नाही. तिच्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, "हे मी हिरवं लिहिलं होतं. चुकलं." मग साइट पुन्हा उघडून वाचली. तोंडाला काय बांधायचं, कापडाचे किती पदर, कसं धुवायचं, हे साइटवर पानभर होतं. शेवटी त्यांनी एवढंच लिहिलं:

उन्हात बांधता तसंच सावलीत बी बांधा.

वऱ्हाडात दुपट्टा तोंडाला गुंडाळायला कोणाला शिकवावं लागत नाही. मार्च लागला की बाया-माणसं डोळे तेवढे उघडे ठेवून फिरतात. फरक एवढाच होता की आम्ही सावलीत आलो की तो सोडतो. पानभर माहितीतून नेमकी तेवढीच गोष्ट आम्हाला नवी होती. रेघ मारलेली ओळ त्यांनी कितीतरी दिवस तशीच ठेवली. मी म्हटलं, पुसा ना आता, लोक हसतात. म्हणाले, "हसू द्या. ज्याची चूक दिसते त्याच्या बाकीच्या गोष्टीवर भरोसा ठेवता येते."

मग तो मेसेज आला. मला तो जसाच्या तसा लिहायचा नाही. त्याचा अर्थ असा होता की अमुक जमातीच्या दुकानातून काही घेऊ नका, ते मुद्दाम रोग पसरवतात. खाली शेंदूरजन्याच्या कृषी केंद्राचा उल्लेख होता. तो गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला. दुसऱ्या दिवशी पायरी रिकामी होती.

मी गेले तेव्हा नसीरभाऊ भिंतीसमोर उभे होते. शर्ट नेहमीसारखाच पांढरा. ते लिहीत होते, सावकाश, मोठ्या अक्षरात:

नसीरच्या दुकानातून घेतलं तर कोरोना होते.

पुढे लाल त्रिकोण. आणि खाली: मंग काय करावं? दुकानात या. सहा फूट लांब उभे राहा. मले तोंडावर विचारा.

"हे काहून लिहून राहिले?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "पुसा. स्वतःची बदनामी स्वतःच्या भिंतीवर?"

"बाई, जो मेसेज येईन तो लिहीन असं म्हटलं होतं मी. हा बी आला."

काही लोक परत आले. काही वरूडला जाऊन बियाणं घ्यायला लागले, ते कधीच परत आले नाहीत. तो मेसेज पहिल्यांदा कोणी टाकला हे मी शोधून काढलं. एक बगीचावाला होता, ज्याचा माल मी कित्येक वर्षं घेत होते. मी नसीरभाऊंना सांगितलं की त्याचा बगीचा आता मी घेणार नाही, सडू दे.

ते माझ्यावरच चिडले. "माल चांगला आहे न त्याचा? मंग माणसाचा राग संत्र्यावर काहून काढता?"

मी तो बगीचा घेतला. पण असा भाव पाडला की त्याला अजून आठवत असेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी त्या सभागृहात उभी राहिले होते, ती सांगते.

घर निर्जंतुक कसं करावं, याचा एक कागद साइटवर आला होता. त्यात अमुक रसायनाचं एक टक्का द्रावण तयार करून पृष्ठभागांवर वापरावं, असं होतं. कागद खरा होता. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. दिनकरनं तो वाचला. लक्षात घ्या, वाचला. दोनदा वाचला, असं तो मला नंतर म्हणाला. टक्का त्याला कळला नाही, पण द्रावण कळलं. आमच्याकडे द्रावण म्हटलं की माणूस पंप उचलतो. जन्मभर त्यानं दुसरं काय केलेलं असतं? पाठीवरचा फवारणीचा पंप, ज्यातून तो संत्र्यावर औषध मारायचा, तोच त्यानं घेतला. अंदाजानं भरला. दारं-खिडक्या लावून घेतल्या, कारण रोग बाहेर पळायला नको. आणि घर फवारलं, वरून खालपर्यंत, बगीचा फवारतात तसं. आत त्याचे वडील आणि बायको बसली होती.

वडिलांचा दम कोंडला, बायकोचे डोळे सुजले. दवाखान्यात आधी सगळ्यांना वाटलं की कोरोनाच आहे, म्हणून त्यांना वेगळं ठेवलं. कारण कळायला वेळ गेला. म्हातारा वाचला, पण पुढे कधी पहिल्यासारखा चालला नाही.

नसीरभाऊ दिनकरच्या घरी गेले. अंगणात पंप पडला होता. त्यांनी झाकण उघडून लांबूनच वास घेतला आणि झाकण लावलं. दिनकर खाली मान घालून बसला होता. त्याला वाटलं असेल की आता हा आपल्याला सुनावणार. तोही तोच दिनकर, ज्यानं सगळ्यांसमोर त्यांची बी.एस्सी. काढली होती.

नसीरभाऊ म्हणाले, "तुह्यी चूक नाही रे. ज्यानं लिहिलं त्यानं पंप पाह्यला नाही कधी."

परत येऊन त्यांनी भिंतीचा अर्धा भाग पुसला. त्या सरकारी कागदाचं नाव लिहिलं. पुढे लाल त्रिकोण काढला, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा. आणि खाली:

घरात पंप न्यायचा नाही. बादली आणि फडकं. खिडकी उघडी. म्हातारे, लेकरं बाहेर. किती टाकायचं ते मले विचारा, मी करून दाखवतो.

त्या त्रिकोणाचा फोटो कोणीतरी काढला आणि तो फिरत फिरत जिथे पोचायचा तिथे पोचला. एक सरकारी साहेब आले. तरुण होते, पुण्याकडचे, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्या दिवसांत त्यांनाही झोप नव्हती हे दिसत होतं. पण आवाज साहेबाचा होता.

"शासनाच्या माहितीला तुम्ही विष म्हणता?"

"माहिती खरी आहे साहेब," नसीरभाऊ म्हणाले. "माह्या दुकानातलं विष बी खरंच असते. लेबल वाचता आलं नाही तर माणूस मरते. म्हणून लाल."

"तुमचा परवाना कीटकनाशकं विकण्याचा आहे. वैद्यकीय सल्ला देण्याचा नाही. हे सगळं पुसा, नाहीतर मला दुकान बंद करावं लागेल."

पेरणी तोंडावर आली होती. कृषी केंद्राचं सगळं वर्ष त्या दिवसांवर उभं असतं. आधीच अर्धी गिऱ्हाइकं तुटलेली. मी साहेबांच्या गाडीपर्यंत गेले आणि मला जे येतं ते केलं. सौदा केला. साहेब पूर्ण भिंत पुसा म्हणत होते, तिथून मी त्यांना अर्ध्या भिंतीवर आणलं, अर्ध्यावरून एका ओळीवर आणि ओळीवरून रंगावर. शेवटी ठरलं की सगळं राहील, फक्त तो लाल त्रिकोण पिवळा करायचा. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनाही तेवढंच हवं होतं. मला माझा फार अभिमान वाटला. एवढा चांगला सौदा मी क्वचित केला असेल.

सकाळी गेले तर त्रिकोण लालच होता. शेजारी नवी ओळ होती: हा पिवळा करा असं बाईईचं म्हणणं आहे. मले पटलं नाही.

"नसीरभाऊ," मी ओरडलेच, "काय केलं हे? रंग तर बदलायचा होता फक्त."

त्यांनी गल्ल्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. एक भाव.

"तुमी माह्या लाल रंगाचा सौदा करून आल्या. मले न विचारता."

"तुमचं दुकान वाचवून राहिली होती मी."

"दुकान वाचन. उद्या दुसरा दिनकर पंप उचलन, त्याचं काय? पिवळ्याले आमच्याकडे कोण भेते?"

हे खरं होतं. पिवळ्या त्रिकोणाची औषधं आमच्याकडे लोक उघड्या हातानं मिसळतात. मी चपला घालून निघाले.

दुकान बंद झालं. शटरवर कागद चिकटला. पण भिंत बाहेर होती आणि भिंतीवर काही लिहू नये असं त्या कागदात नव्हतं, किंवा असेल तर बारीक अक्षरात असेल. नसीरभाऊ रोज सकाळी घरून खुर्ची आणायचे, बंद शटरसमोर टाकायचे आणि दिवसभर बसायचे. पांढरा शर्ट, खिशाला चार रंगांचे डाग. गावातले लोक वरूडहून बियाण्याच्या पिशव्या घेऊन त्यांच्यासमोरून जायचे, तरी थांबून विचारायचे, "नसीरभाऊ, हे पंपाले किती?" आणि ते सांगायचे. दुसऱ्याच्या दुकानातल्या मालाचं लेबल वाचून, गिऱ्हाइकाकडून वदवून घेऊन, मगच सोडायचे.

पेरणी होऊन गेल्यावर दुकान उघडलं. चूक झाली असं कोणी म्हटलं नाही, बरोबर केलं असंही कोणी म्हटलं नाही. पुढे साइटवर त्या कागदाची नवी प्रत आली. त्यात बादलीचं चित्र होतं, फडक्याचं चित्र होतं, खिडकी उघडी होती आणि फवारणीच्या पंपावर लाल फुली होती. मी मोबाइल घेऊन धावत गेले. आमचं बोलणं त्या सौद्यानंतर बंदच होतं, पण हे दाखवल्याशिवाय राहवेना.

"पाहा. तुमची भिंत उचलली त्याईनं. नाव कुठंच नाही."

त्यांनी चष्मा लावून चित्रं बघितली. "माह्या भिंतीवरूनच घेतलं असन असं काही नाही. कोणाच्या बी डोक्यात येऊ शकते." मग मोबाइल परत देत म्हणाले, "अक्षर मोठं केलं, हे चांगलं झालं."

त्यांना नाव नको होतं. मला हवं होतं. अजून हवं आहे. त्या सभागृहात पडद्यावर तेच बादलीचं चित्र होतं, चांगल्या माहितीचा नमुना म्हणून. ते पाहूनच तर मी उठले होते. लोक अडाणी होते म्हणून वाचलं नाही असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं होतं, की हे चित्र काढायच्या आधी एका म्हाताऱ्याचा दम का कोंडावा लागला? दिनकरनं दोनदा वाचलं होतं. वाचणाऱ्यानं आपलं काम केलं होतं. काम लिहिणाऱ्याचं राहिलं होतं.

मी शेवटचं त्यांना अकोल्याला पाहिलं. दुकान त्यांनी तोपर्यंत विकलं होतं आणि मुलीकडे राहायला गेले होते. माझी गाडी माल घेऊन अकोल्याला जात होती, मी सोबत होते. घरी गेले तर कळलं की तपासणीसाठी दवाखान्यात गेले आहेत. दवाखाना जवळच होता, मोठा, काचेचा. आत बसायच्या जागेत म्हाताऱ्यांची रांग होती आणि भिंतीवर हृदयरोग्यांनी काय करावं याचा एक चकचकीत फलक होता, डोक्याच्याही वर लावलेला. अक्षरं मुंगीएवढी, आणि कोपऱ्यात एक काळा-पांढरा चौकोन, की अधिक माहितीसाठी मोबाइल इथे धरा.

नसीरभाऊ त्या फलकासमोर उभे होते. वाळले होते, मेंदी गेलेली, केस पांढरे. शर्ट मात्र तसाच. फलक गुळगुळीत असल्यामुळे त्यावर खडू चालत नव्हता, म्हणून ते शेजारच्या भिंतीवर लाल त्रिकोण काढत होते.

गार्ड धावत आला. "काका, भिंत काहून खराब करून राहिले?"

"खराब नाही करून राहिलो. लेबल लावून राहिलो."

एक नर्स आली. ती चांगली होती, हसत होती. म्हणाली, "काका, असं नका करू. हे बोर्ड वरून छापून येतात, आमच्या हातात नसतं."

मला वाटलं, आता हा माणूस एक भाव म्हणून खुर्ची टाकून बसणार. मी पुढे व्हायला निघाले. पण नसीरभाऊ म्हणाले, "बरं. अक्षर मोठं करणं तुमच्या हातात नाही. पण बोर्ड खाली उतरवणं तर आहे? डोळ्यासमोर लावा. मी लालचा पिवळा करतो."

नर्स म्हणाली, "बघते विचारून."

"आणि रोज सकाळी एकदा या लोकाईले वाचून दाखवा. मंग निळा."

मी तिथेच थांबले. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. चष्म्यावरून तेच बघणं.

"काय पाहून राहिल्या बाई? तुमच्याचकडून शिकलो."

"मंग हिरवा कितीले?" मी म्हटलं.

"हिरवा नाही देत. हिरव्याचा एकच भाव."

माझी गाडी खाली उभी होती, ड्रायव्हर फोन करत होता, माल उतरायचा होता. मी पुढच्या खेपेला येते म्हणाले. काचेच्या दारातून बाहेर पडताना मागे वळून बघितलं. गार्डनं ओलं फडकं आणून तो त्रिकोण पुसला होता आणि फडकं झटकत चालला होता. भिंतीवर ओला डाग होता. नसीरभाऊ एक हात भिंतीला टेकून त्या डागावर फुंकर घालत होते, लवकर वाळावा म्हणून. दुसऱ्या हातात खडू तयार होता. लाल.